आतलं काढून एक बर्गर

२००० सालच्या ऑगस्टमध्ये मी कोलंबसला आले, म्हणजे ओहायोमधल्या कोलंबसला, आणि तिसऱ्या दिवशी सांगलीहून आणलेल्या दशम्या संपल्या. चौथ्या दिवशी युनिव्हर्सिटीसमोरच्या एका बर्गरवाल्याकडे गेले आणि घरून पाठ करून आणलेलं वाक्य काउंटरवर म्हटलं, वन व्हेज बर्गर प्लीज. काउंटरवरची मुलगी हसली, म्हणाली, व्हेजीज? शुअर. लेट्यूस, टोमॅटो, अनियन, पिकल्स? मी तर खूशच झाले, काय पद्धत आहे, विचारून विचारून घालतायत. हो हो, सगळं घाला म्हटलं. तिनं सगळं घातलं. टेबलावर येऊन कागद उघडला, वरचा पाव उचलला, तर लेट्यूस होतं, टोमॅटो होता, कांदा होता, काकडीचं लोणचं होतं आणि त्या सगळ्यांच्या खाली तो होता.

माझी रूममेट नागपूरची, सावजी खाऊन वाढलेली, तिनं तो बर्गर आनंदानं संपवला आणि संपवता संपवता मला समजावून सांगितलं की बाई, इथे व्हेजीज म्हणजे वरून घालायच्या भाज्या. तू भाज्या मागितल्यास, त्यांनी दिल्या. आत काय आहे ते तू कुठे बोललीस?

चूक माझी होतीच, पण थोडी मामाचीही होती. महिनाभर आधी व्हिसाच्या इंटरव्ह्यूसाठी मुंबईला गेले होते, ब्रीच कँडीला अमेरिकन कॉन्सुलेटसमोर पहाटेपासून लाइन लावली, व्हिसा मिळाला, आणि मामा म्हणाला चल आता तुला अमेरिका दाखवतो, आणि वांद्र्याला लिंकिंग रोडच्या मॅकडोनाल्ड्समध्ये घेऊन गेला. भारतातलं पहिलं मॅकडोनाल्ड्स दिल्लीत वसंत विहारला ऑक्टोबर १९९६ मध्ये उघडलं आणि लगेच काही दिवसांनी हे वांद्र्याचं. मॅकडोनाल्ड्स असून बीफ नाही, असं जगात आधी कुठे झालं नव्हतं, आणि मामाला याचा इतका अभिमान की जणू त्यानंच ते ठरवलं होतं. त्यानं तिथल्या पोराला किचन दाखवायला लावलं. एकीकडे व्हेज, एकीकडे नॉनव्हेज, भांडी वेगळी, माणसं वेगळी, व्हेजकडच्यांना हिरवे एप्रन. मेयॉनीजमध्ये अंडं नाही, ती खास भारतासाठी बनवलेली. मामा माझ्या कानात म्हणाला, हिरवा एप्रन म्हणजे आपला माणूस. मग मॅकआलू टिक्की खाल्ली. बटाटा, वाटाणा, वरून कुरकुरीत, आत तिखटगोड सॉस. वडापावाशी तुलना करायचा मोह टाळते, ती सगळ्यांची करून झालीये. पण माझ्या डोक्यात तेव्हा पक्कं बसलं की अमेरिका म्हणजे हे, आणि तिकडे तर याहून भारी मिळत असणार. मूळ गाव त्यांचं ना शेवटी.

आता इथेच सांगून टाकते, हा लेख शाकाहाराच्या प्रचाराचा नाहीये. सांगलीत आमच्या गल्लीत निम्म्या घरांतून रविवारी मटणाचा वास यायचा, शेजारी कोल्हापूर, आणि मला त्या वासाचा कधी त्रास झाला नाही. आमच्या घरी अंडंसुद्धा नव्हतं, एवढंच. मला बर्गर हवा होता तो भूक लागली म्हणून, आणि तो स्वस्त होता म्हणून, आणि रात्री अकरा वाजता लॅबमधून बाहेर पडल्यावर तेवढंच उघडं असायचं म्हणून.

तर मग मी शिकले. चीजबर्गर, नो मीट. हे वाक्य उच्चारल्यावर काउंटरपलीकडे दोन सेकंद शांतता पसरते, ही शांतता ज्यांनी अनुभवली आहे त्यांना कळेल. मग समोरचा विचारतो, यू मीन, जस्ट द बन? मग आपण, यस, बन, चीज, लेट्यूस, टोमॅटो. मग तो मशीनमध्ये बटण शोधतो. पैसे बहुतेक वेळा पूर्ण. एकदा एका ठिकाणी (नाव सोडा) इतकं सगळं व्यवस्थित सांगूनही आत पॅटी निघाली, परत घेऊन गेले तर आतला स्वयंपाकी बाहेर आला आणि अगदी मनापासून म्हणाला, सॉरी, मला वाटलं चिठ्ठी चुकीची छापली गेलीये, मांस नसलेला बर्गर कोण मागवेल. मला राग येईना. त्याच्या बाजूनं विचार केला तर वरणाशिवाय वरणभात मागण्यासारखंच होतं ते.

कॅलिफोर्नियात इन-अँड-आउट नावाची साखळी आहे, तिथे म्हणे या पॅटीविना बर्गरला लोक विश बर्गर म्हणतात. म्हणजे मनात इच्छा धरायची आणि पाव खायचा. नाव ज्यानं ठेवलं त्याला माझा नमस्कार.

बरं, हे सगळं माझ्याच नशिबी आलं असं नाही, याचा इतिहास आहे आणि तो आमच्या ओहायोमधलाच आहे, कोलंबसपासून दीड-दोन तासांवर सिनसिनाटीत. तिथे १९६० च्या सुमारास लू ग्रोएन नावाचा माणूस मॅकडोनाल्ड्स चालवायचा, आणि त्याच्या भागात वस्ती बहुतेक कॅथलिक, जी शुक्रवारी मांस खायची नाही. आपल्याकडे श्रावणात मटणवाल्यांचं होतं तसं याचं दर शुक्रवारी व्हायचं. म्हणून त्यानं माशाचं सँडविच काढलं आणि कंपनीच्या मालकाकडे, रे क्रॉककडे, परवानगी मागायला गेला. क्रॉकला दुकानात माशाचा वास नको होता. त्याची स्वतःची आयडिया वेगळीच होती, भाजलेली अननसाची चकती, त्यावर चीज, आणि पाव. नाव हूला बर्गर. शेवटी दोघांचं ठरलं की १९६२ च्या गुड फ्रायडेला दोन्ही विकायला ठेवायचे, जो जास्त खपेल तो मेन्यूवर. संध्याकाळी हिशेब झाला. मासा ३५०, अननस ६.

ती माशाची फिले-ओ-फिश आजही मिळते. अननसाचा खेळ त्याच दिवशी आटोपला. मी मात्र ती गोष्ट वाचल्यापासून त्या सहा जणांचाच विचार करत असते. कोण असतील? पैज लावून खाणारे? अननस आवडणारं एखादं लहान पोर? की खरंच कोणी मासासुद्धा न खाणारं होतं, बासष्ट साली, सिनसिनाटीत, जे काउंटरवर येऊन म्हणालं असेल, अरे वा, माझ्यासाठी काहीतरी आहे? त्या दिवशी मी तिथे असते तर आकडा सात झाला असता, बर्गर कितीही वाईट असला तरी.

पहिलं वर्ष मी खरं तर फ्राइजवर काढलं. बटाटा आहे, तेलात तळलाय, वर मीठ आहे, यात विचारायचं काय? कुठल्याही दुकानात शिरायचं आणि लार्ज फ्राइज म्हणायचं, शांतता नाही, प्रश्न नाही. आणि मग मे २००१ उजाडला. सिएटलमध्ये हरीश भारती नावाच्या वकिलानं मॅकडोनाल्ड्सवर दावा लावला की तुमच्या फ्राइजमध्ये बीफचा अर्क असतो आणि तुम्ही शाकाहारी लोकांना ते सांगितलं नाहीत. भानगड अशी होती की पूर्वी या फ्राइज तळायच्याच बीफच्या चरबीत, ९३ टक्के चरबी आणि उरलेलं सरकीचं तेल. १९९० मध्ये, कोलेस्टेरॉलवरून बरीच बोंबाबोंब झाल्यावर, त्यांनी जाहीर केलं की आता आम्ही शंभर टक्के व्हेजिटेबल ऑइल वापरतो. ते खरंच होतं, तेल बदललं होतं. पण तेल बदलल्यावर जुनी चव जायला नको ना, म्हणून कारखान्यातच फ्राइजना चवीपुरता बीफ फ्लेवर लावला जात होता, आणि लेबलावर लिहिलेलं होतं नॅचरल फ्लेवर. नॅचरल! आता गाय नॅचरल नाही असं कोण म्हणेल?

आमच्या अपार्टमेंटमध्ये त्या संध्याकाळी सुतक पाळल्यासारखी शांतता होती. चार मुली, चौघींनी नऊ महिने फ्राइज खाल्लेल्या, कुठकुठल्या दुकानांच्या, कधी, किती, हिशेब कुणाकडेच नव्हता. नागपूरकरीणसुद्धा गप्प. तिकडे भारतात तर ठाण्याच्या मॅकडोनाल्ड्समध्ये लोकांनी तोडफोड केली, आणि गंमत म्हणजे भारतातल्या फ्राइजमध्ये तो फ्लेवर नव्हताच. आईनं पेपरात ठाण्याचं वाचलं आणि रविवारी मी कॉलिंग कार्डवरून फोन केला तेव्हा तिचा पहिला प्रश्न तोच.

"तू खात होतीस का गं ते?"

मी म्हटलं, हो गं आई. कुठकुठलं, काय सांगू.

बराच वेळ आवाज नाही, कार्डाची मिनिटं चाललेली. मग म्हणाली, "झालं ते झालं. माहीत नव्हतं ना तुला? मग झालं तर." मागून आजीचा आवाज आला, फोन दे इकडे. म्हटलं आता काही खरं नाही, आता प्रायश्चित्त. आजी फोनवर आली आणि हळूच, आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "आणि लागत होतं का गं चांगलं?"

पुढे २००२ मध्ये मॅकडोनाल्ड्सनं माफी मागितली आणि एक कोटी डॉलर दिले, हिंदू, शीख, ज्यू, शाकाहारी अशा वेगवेगळ्या संस्थांना. अमेरिकेतल्या फ्राइजमध्ये तो फ्लेवर अजूनही आहे, फक्त आता यादीत स्पष्ट लिहिलेला असतो. माझं म्हणणं एवढंच होतं. लिहा आणि काय वाटेल ते घाला. भारतात पुड्यावरच्या हिरव्या ठिपक्याची आपल्याला इतकी सवय असते की तो दिसतसुद्धा नाही, इथे आल्यावर कळतं की तो एक ठिपका आपल्या वतीनं किती प्रश्न विचारून ठेवत होता.

फ्राइज सुटल्यावर आम्ही सगळे जिथे गेलो तिथेच अमेरिकेतली अर्धी देशी जनता आधीपासून बसलेली होती, टॅको बेल या मेक्सिकन धर्तीच्या साखळीत. बर्गर नाही, मान्य, पण फास्ट फूडच्या शाकाहाराबद्दल लिहायचं आणि टॅको बेल वगळायचं म्हणजे पंढरपूरबद्दल लिहून चंद्रभागा वगळणं. तिथले रिफ्राइड बीन्स म्हणजे चक्क घट्ट घोटलेली उसळ, आणि त्यात डुकराची चरबी नसते. बीफच्या जागी बीन्स घाला म्हटलं की काउंटरवर शांतता पसरत नाही, तसं बटणच आहे मशीनवर. फायर सॉसच्या पुड्या मूठभर आणायच्या आणि घरी पोहे, मॅगी, खिचडी, सगळ्यावर ओतायच्या, आमचा एक अख्खा ड्रॉवर त्यानं भरलेला होता. २०१५ मध्ये तर त्यांनी अमेरिकन व्हेजिटेरियन असोसिएशनकडून रीतसर शिक्काच मारून घेतला. आणि ऑगस्ट २०२० मध्ये, सगळं जग बंद असताना, त्यांनी मेन्यूवरून बटाटा आणि सेव्हन लेयर बरीटो दोन्ही काढले तेव्हा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो शोक झाला तो मी अजून विसरलेली नाही. बटाटा मार्च २०२१ मध्ये परत आला. सेव्हन लेयर मात्र पुढे कितीतरी वर्षं आला नाही.

२००९ च्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. जुलैच्या पहिल्या वीकेंडला सगळे नायगाराला निघालो, मी, नवरा, तीन वर्षांचा लेक, आणि मागे आई-बाबा मांडीवर डब्यांची पिशवी घेऊन. निघाल्यावर क्लीव्हलँडच्या आसपास आईच्या लक्षात आलं की आज आषाढी एकादशी. आता पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, म्हणजे धपाटे बाद. लेक एरीचं पाणी बघून आमचा लेक खूश, बाकीचे उपाशी. शेवटी एका एक्झिटला वेंडीजची पाटी दिसली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. वेंडीजवाले १९८३ पासून भाजलेला बटाटा विकतात! सालासकट, फॉइलमध्ये गुंडाळलेला, अख्खा. वर सावर क्रीम, म्हणजे आंबट चक्काच. वरून घातलेली ती बारीक कांद्याच्या पातीसारखी पानं आईनं काट्यानं एकेक करून काढली, बाबांनी पिशवीतून साजूक तुपाची बाटली काढली, आणि दोघांनी आषाढी एकादशीचा फराळ बर्गरच्या दुकानात, आजूबाजूला पन्नास माणसं बर्गर खात असताना, यथासांग केला. बाबांचं एकच म्हणणं, "रताळं नसतं का यांच्याकडे?"

आईची नजर पाटीवरच्या त्या मुलीवर. लाल केस, दोन वेण्या, निळ्या रिबिनी. मी सांगितलं की मालकानं मुलीच्या नावावरून दुकानाचं नाव ठेवलंय, १९६९ साली, आणि पहिलं दुकान आमच्या कोलंबसमध्येच होतं. आई म्हणाली, बघ, पोरीच्या नावानं काढलंय म्हणजे माणूस चांगला असणार. या तर्काला उत्तर नसतं, मी दिलंही नाही. परतीच्या वाटेवर एकादशी संपलेली होती, तेव्हा बाबांनी आतलं काढलेला चीजबर्गर मागवायला लावला, पाव उघडला आणि आत चमचाभर शेंगदाण्याची चटणी पसरली. एक घास खाल्ला आणि पुढच्या सीटवर नवऱ्याकडे सरकवला. नवरा म्हणाला, बाबा, हे विकायला हवं. बाबा म्हणाले, आधी त्यांना आत काय घालतात ते तर शिकवा.

मग पुढच्या दहा वर्षांत हळूहळू बदल झाला. बर्गर किंगनं २००२ मध्येच व्हेजी बर्गर आणला होता, ठीक होता, ओला पुठ्ठा म्हणता येईल असा. व्हाइट कॅसल, ज्यांचं हेडऑफिस १९३४ पासून आमच्याच गावात आहे, त्यांनी २०१४-१५ च्या सुमाराला आणलेला छोटा व्हेजी स्लायडर मला मनापासून आवडला. चौकोनी मऊ पाव, आपल्या लादीपावाच्या जातीचा, आणि आत गाजर-वाटाणे सरळ डोळ्यांना दिसतायत. लग्नाच्या पंगतीतलं व्हेज कटलेट! कुणाची नक्कल नाही, लपवाछपवी नाही.

पण जगाला तो नको होता, जगाला हवा होता इम्पॉसिबल, म्हणजे वनस्पतींपासून केलेली मांसाची हुबेहूब नक्कल. ऑगस्ट २०१९ मध्ये बर्गर किंगनं इम्पॉसिबल व्हॉपर देशभर आणला आणि माझा तेरा वर्षांचा लेक पहिल्याच आठवड्यात आम्हाला घेऊन गेला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की ब्रॉयलर, म्हणजे भाजायची भट्टी, सगळ्यांना एकच असते, आपलं वेगळं भाजून मागायचं, तर ते त्यानं इतक्या सहज मागितलं की मी बघतच राहिले, ना पाठ केलेलं वाक्य, ना घाम. मी एक घास घेतला. आणि थांबले. वास, पोत, चावल्यावर सुटणारा तो रस, सगळं इतकं हुबेहूब (म्हणजे असावं, मला कसं माहीत असणार) की घशाखाली उतरेना.

"आई, इट्स जस्ट प्लांट्स."

"माहितीये रे. पण मला हे आवडत नव्हतं म्हणून मी खात नव्हते असं नाहीये ना. मी खातच नव्हते. ज्याची चव मला माहीत नाही त्याची आठवण मला कशाला?"

तो म्हणाला दे मग इकडे, आणि दोन्ही संपवले.

घरी येऊन मी वाचलं की त्यातला लाल रंग आणि ती चव हीम नावाच्या पदार्थातून येते, आणि ते हीम लेगहिमोग्लोबिनमधलं, जे सोयाबीनच्या मुळांत असतं. कंपनी ते यीस्टकडून बनवून घेते, पण मूळ ते. आणि वाचता वाचता मला एकदम मामाचं तासगावजवळचं शेत आठवलं. लहानपणी भुईमूग काढताना मुळांना छोट्या छोट्या गाठी लागलेल्या असायच्या, मामा नखानं एखादी गाठ फोडून दाखवायचा, आत गुलाबी-लाल. तो म्हणायचा, आत लाल असली की गाठ जिवंत, जमिनीला खत देतेय. आम्ही मुलं त्याला झाडाचं रक्त म्हणायचो, आणि ते खरंच त्याच जातीचं होतं. तेव्हा मात्र मला किळस आली नव्हती. बोटाला लागलेला तो रंग फ्रॉकला पुसून आम्ही ओल्या शेंगा फोडून खात बसलो होतो.

ते कळल्यावर मी इम्पॉसिबल परत खाऊन बघितला का? बघितला. नाही उतरला. मॅकडोनाल्ड्सनंही याच धर्तीवर मॅकप्लांट आणून बघितला, आधी आठ दुकानांत, मग २०२२ मध्ये कॅलिफोर्निया आणि टेक्ससच्या सहाशेएक दुकानांत, आणि गुपचूप बंद केला. मला तरी यात आश्चर्य वाटलं नाही. मांस खाणाऱ्याला मांस आवडतंच, ते सोडून तो नक्कल कशाला घेईल, आणि न खाणाऱ्याला नक्कल नकोच असते. मधल्या कुणासाठी तरी होता तो, आणि ते लोक पुरेसे नसावेत. तिकडे ती साधी आलू टिक्की, कुणासारखीच न दिसणारी, पंचवीसहून जास्त वर्षं खपतेय.

गेल्या ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वर मंदिरातून परत येत होतो. मंदिरातला चिंचभात खाऊन चार तास झालेले, अंधार पडलेला, आय-७० वर झेन्सव्हिलच्या अलीकडे एका ड्राइव्ह-थ्रूत गाडी घातली. पाटीवर ब्लॅक बीन बर्गर दिसला. पंचवीस वर्षं झाली तरी माझा प्रश्न तोच, माइकमध्ये विचारलं, यात मांसाचं काही नाही ना, आणि फ्राइज कशात तळता? नवरा म्हणाला, अगं मागे रांग आहे.

माइकमधून एका बाईचा आवाज आला, होल्ड ऑन हनी. मग खुडबुड, फ्रीजरचं दार, खोका ओढल्याचा आवाज. आणि मग ती बाई वाचायलाच लागली. ब्लॅक बीन्स, पाणी, कॉर्न, कांदा. एकेक शब्द सावकाश, अवघड शब्द आला की अडखळून परत पहिल्यापासून. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. ती थांबली नाही, मीही थांबवलं नाही, इतक्या वर्षांत मला कुणी अख्खी यादी वाचून दाखवली नव्हती. शेवटी ती आली अंड्याच्या पांढऱ्या बलकावर आणि म्हणाली, एग व्हाइट्स, इज दॅट ओके?

मी म्हटलं नाही, सॉरी. आणि थँक यू.

ती म्हणाली, "डोन्ट बी सॉरी. मी पण नाही खात. मी घरून डबा आणते."

पुढच्या खिडकीत मी दोन कॉफी घेतल्या. पिशवीत दशम्या होत्याच.